एकरंगी नकाशा

साम्राज्य मिळवण्याविषयी मराठीत उदंड लिहिले गेले आहे; ते राखण्याविषयी त्या मानाने थोडे. स्वारी, चढाई, मुलूखगिरी, फत्ते या शब्दांना आपल्या भाषेत जो नाद आहे, तो शिबंदी, दाणागोटा, गस्त, डागडुजी या शब्दांना नाही. पोवाड्याला पहिली यादी पुरते. दुसरी यादी कारकुनाच्या कागदांत पडून राहते. आम्हां दोघांना ही दुसरी यादी जवळची वाटू लागली ती संगणकावरील एका खेळामुळे. त्या खेळाने जे दाखवले त्याने आम्हांला जितके विचारात टाकले, तितकेच त्याने जे दाखवले नाही त्यानेही टाकले. प्रस्तुत लेखन या दोहोंविषयी आहे.

आम्ही दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले, कसाऱ्याला बिऱ्हाड करून राहिलेले आणि रोज सकाळच्या लोकलने शिकवायला जाणारे. खेळाचे नाव 'एम्पायर: टोटल वॉर'. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीने तो तयार केला आणि सेगाने मार्च २००९ मध्ये बाजारात आणला. खेळांच्या दुनियेत तो आता जुना झाला आहे. आमच्या जुन्या संगणकाला तोच झेपतो. त्यातील काळ १७०० ते १७९९. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑटोमन यांच्या पंक्तीला मराठेही त्यात आहेत, आणि आपण त्यांची बाजू घेऊन शंभर वर्षे राज्य करू शकतो. एक खेळी म्हणजे सहा महिने. म्हणजे शतकाच्या दोनशे खेळ्या. आमच्यात कामाची वाटणी ठरलेली आहे. एकाकडे खजिना, दुसऱ्याकडे फौज. भांडण बहुधा खेळीच्या शेवटी होते, कारण फौजेला हवे असलेले पैसे खजिन्यात कधीच नसतात.

हे भांडण हाच या खेळाचा खरा विषय आहे असे आमचे मत झाले आहे. प्रांत जिंकणे फारसे अवघड नाही. शेजारी दुर्बळ आहे असे पाहून फौज जमवावी, शहराला वेढा घालावा, तोफा चालवाव्या. दोन-तीन खेळ्यांत नकाशावरचा तुकडा आपल्या रंगाचा होतो. अडचण त्यानंतर सुरू होते. त्या शहरात शिबंदी ठेवावी लागते, नाही तर आठ-दहा महिन्यांत बंड होते. शिबंदीचा खर्च दर खेळीला चालू राहतो. कर वाढवला तर रयत बिथरते, कर माफ केला तर फौजेचा पगार थकतो. आणि जिंकलेल्या प्रांतापलीकडे नवा शेजारी उभा असतो, तो पहिल्यापेक्षा बलिष्ठ असतो. म्हणजे प्रत्येक विजयाबरोबर सीमा लांबते आणि तिच्यावर उभी करायची माणसे विरळ होत जातात. हल्ला करणाऱ्याने एक जागा निवडायची असते. राखणाऱ्याला सगळ्याच जागा राखाव्या लागतात.

मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्ताराचा इतिहास आम्ही दोघांनी शाळेपासून वाचला आहे. १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोहोचलेली फौज आणि १४ जानेवारी १७६१ चे पानिपत, या दोन घटनांमध्ये तीन वर्षांचेही अंतर नाही. अटकेचे वर्णन वाचताना छाती फुगते आणि पानिपताचे वाचताना कंठ दाटतो, असा आपला शिरस्ता. या खेळाने त्या दोहोंच्या मधल्या जागेकडे पाहायला लावले. पुण्यापासून पंजाबपर्यंतची वाट, वाटेवरची ठाणी, ठाण्यांतली माणसे, त्यांचा दाणा, त्यासाठीची कर्जे. पानिपतावर मराठ्यांचा घात भाऊसाहेबांनी केला की होळकरांनी, हा वाद मराठी माणूस दीडदोनशे वर्षे घालत आला आहे. उपासमारीने त्या छावणीचे काय केले होते याचा हिशेब त्या वादात मागे पडतो. कादंबरीकारापेक्षा खेळाचा गणिती यांत्रिकपणा इथे अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याला नायकाची भीड नसते. खजिना शून्यावर आला की शूर सेनापतीही तितकाच निरुपयोगी ठरतो.

एवढे श्रेय दिल्यावर आता हरकतीकडे वळू.

खेळ सुरू होतो १७०० मध्ये, आणि तेव्हा मराठ्यांची राजधानी म्हणून सातारा आपल्या हाती असतो. पहिल्या खेळीत शहर शांत, नकाशावर आपला रंग, मोगलांशी वैर, आणि पुढे शतक मोकळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथेच ठेच लागावी. प्रत्यक्षातला १७०० चा सातारा असा नव्हता. औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये जातीने साताऱ्याखाली येऊन बसला होता. गड प्रयागजी प्रभू लढवीत होते. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. एप्रिलमध्ये मोगलांनी उडवलेल्या सुरुंगाने तट कोसळला तो त्यांच्याच सैनिकांवर; आणि त्यानंतर आठवड्याभरात, २१ एप्रिलच्या सुमारास, गड मोगलांच्या स्वाधीन झाला. त्याचे नाव बदलून आझमतारा ठेवण्यात आले. म्हणजे खेळ ज्या वर्षी राजधानी देऊन आपल्याला गादीवर बसवतो, त्याच वर्षी प्रत्यक्षात राजा गेला होता आणि राजधानीही गेली होती.

साताऱ्याचा हा वेढा साडेचार महिन्यांच्या आसपास चालला. खेळाच्या मोजमापाने एक खेळीदेखील नाही. प्रयागजींचे ते सगळे दिवस 'खेळी संपली' हे बटण दाबण्याच्या एका क्षणात मावतात. आणि खेळातील वर्षाला ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा नाही! ज्या मुलखात दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि मृगापूर्वी परतण्याची घाई करीत, ज्या मुलखात सीमा ओलांडण्याचाही सण झाला, तिथल्या युद्धाचे वर्ष पावसाविना कसे मोजावे? सातारा आणि त्यापाठोपाठ परळी घेऊन परतणाऱ्या बादशाही लष्कराचे त्या वर्षी पावसाने जे हाल केले, ते कोणत्याही मराठा सरदाराच्या हल्ल्याने झाले नसते. कसाऱ्याला आषाढातला घाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. समोरचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. वाट आहे की ओढा आहे हे पायाला कळते, डोळ्याला कळत नाही.

परंतु ऋतूंची उणीव किरकोळ म्हणता येईल. मोठी हरकत वेगळी आहे. या खेळात राज्य म्हणजे शहरे. प्रत्येक प्रांताला एक मुख्य शहर. ते घेतले की सगळा प्रांत एका क्षणात घेणाऱ्याच्या रंगाचा होतो. शेवटचे शहर गेले की सत्ता संपली, तिचे नाव यादीतून पुसले गेले. हा नियम १७०० सालच्या मराठ्यांना लावला तर त्यांचा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच आटोपायला हवा होता. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक गड पुढच्या चार-पाच वर्षांत बादशहाकडे गेले. त्यांपैकी बहुतेक किल्लेदारांनी महिनोन् महिने झुंजवून, पावसाळा तोंडावर आणून, रक्कम घेऊन सोडले. तोरणा तेवढा १७०४ मध्ये लढून घ्यावा लागला. बादशहाची पाठ वळली की गड पुन्हा मराठ्यांकडे येऊ लागले. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला मरण पावला तेव्हा त्याच्या खात्यावर जिंकलेल्या गडांची लांबलचक यादी होती आणि जिंकण्याचे काम शिल्लकच होते. ताराबाईंनी त्या सात वर्षांत जे राखले ते कोणत्याही एका शहरात नव्हते. ते फिरत्या फौजांत होते, वतनदारांशी केलेल्या करारमदारांत होते, आणि वसुलाच्या हक्कांत होते. खेळाच्या नकाशावर यांपैकी कशालाच जागा नाही.

याही आधीचे एक उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक भावेल. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर आणि रायगडाला वेढा पडल्यानंतर राजाराम महाराज दूर तामिळ प्रदेशात जिंजीला गेले. १६९० ते १६९८ मोगलांनी जिंजीभोवती वेढा धरला. खेळाच्या हिशेबाने सोळा खेळ्या. देश शत्रूच्या घोड्यांखाली, राजा परमुलखात कोंडलेला, दरबारात बसलेल्यांचे उत्पन्न कागदावरचे. अशा वेळी राजारामांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली. मराठी गद्याच्या इतिहासात या बखरीचे जे स्थान आहे ते आपण वर्गात सांगतोच. ती कोणत्या ठिकाणी बसून लिहिली गेली, हे मात्र एका ओळीत उरकतो. ज्या राज्याकडे त्या घटकेला दाखवायला मुलूख फार नव्हता, त्याने आपल्या गडांची, खजिन्याची, पागेची नावनिशीवार मोजदाद करून ठेवली. गड शत्रूकडे असतील, पण गडाचे नाव आपल्या यादीत आहे. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी ठेवण्याची पद्धतही सभासद सांगतो. कुणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा तिचा हेतू. संरक्षणाची सुरुवात तटाच्या आतून होते हे त्याला ठाऊक होते. खेळात तोफखान्याचा कारखाना उभारता येतो, विद्यापीठ उभारता येते. बखर लिहवून घेण्याची सोय नाही.

आता रंगाविषयी. नकाशावरचा प्रत्येक प्रांत कोणत्या तरी एकाच सत्तेच्या रंगात रंगलेला असतो. खेळात मांडलिक राज्ये आहेत, पैसे घेऊन केलेले तह आहेत. परंतु एकाच गावावर एकाच वेळी दोघांचा अंमल, ही कल्पना त्यात बसत नाही. अठराव्या शतकातली मराठी सत्ता तर याच कल्पनेवर वाढली. १७१९ मध्ये मिळालेल्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी शेकडा दहा. सुभा बादशहाचा, सुभेदार बादशहाचा, आणि त्याच गावच्या चावडीवर मराठ्यांचा कमाविसदार वसुलाला बसलेला. जुन्या कागदांत अशा कारभाराला दुअमली हा शब्द येतो. अशा गावाला कोणता रंग द्यायचा? सीमारेषा त्या गावाच्या उत्तरेने काढावी की दक्षिणेने? खरी सीमा गावाच्या मधून जात होती. प्रत्येक कुणब्याच्या खळ्यावर, धान्याच्या राशीवर, हिश्शाहिश्शाने ती दर सुगीला नव्याने आखली जात होती. राजधानीतून पाहणाऱ्याला ती दिसली नाही तरी खळ्यावर उभ्या असलेल्याला ती चांगली दिसत असे.

कसाऱ्यासारख्या ठिकाणी राहून हा खेळ खेळताना ही गोष्ट अधिकच टोचते, कारण आमचा सगळा परिसरच अशा मधल्या जागेचा आहे. घाटावर देश आणि घाटाखाली कोकण. दक्षिणेला मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढतो. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; त्यात जकात टाकली जाई असे परंपरा सांगते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणाऱ्या मालावर दोन हजार वर्षांपूर्वी इथे हक्क सांगितला जात होता. आमच्या उशाशी थळघाट. तिथून १८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीला पोहोचली, आणि आजही वर जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. या वाटेवरून जाणारे सैन्य, माल आणि प्रवासी यांच्या नोंदी भरपूर सापडतात. वाटेशेजारी राहणाऱ्यांच्या क्वचितच.

लोकल आटगावहून आसनगावकडे निघाली की खिडकीतून माहुलीचे सुळके दिसू लागतात. शहापूर तालुक्यातला हा गड म्हणजे संरक्षणशास्त्राची एक पाठमालाच आहे. निजामशाहीच्या अखेरीस शहाजीराजांनी अल्पवयीन निजामशहाला जवळ बाळगून राज्य चालवले. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मागावर असताना ते शेवटी माहुलीवर आले, आणि १६३६ मध्ये इथेच त्यांना तह करावा लागला. एक शाही आमच्या रोजच्या स्टेशनच्या बाजूला संपली. पुढे शिवाजी महाराजांनी माहुली घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस गड मोगलांना दिले आणि बारा ठेवले. दिलेल्यांत माहुली होता. १६७० मध्ये गड परत घेण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा माहुलीवरचा पहिला हल्ला फसला. किल्लेदार मनोहरदास गौड याने तो परतवला. त्यानंतर तो गड सोडून गेला, आणि पावसाळ्याच्या तोंडी मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली जिंकून घेतला.

आम्ही हे सारे खेळात करून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तेवीस ठिकाणे द्यायची, बारा राखायची, पाच वर्षे दम धरायचा, मग परत घ्यायची. खेळ असे करू देत नाही असे नाही. तहाच्या बोलीत प्रांत देता येतो. पण दिलेला प्रांत म्हणजे निव्वळ तोटा. तो देताना आपल्या हाती काहीच उरत नाही. शिवाजी महाराजांच्या हाती मात्र काही तरी उरले होते, म्हणून तर पाच वर्षांनी ते गड भराभर परत आले. गडाखालच्या मुलखाला त्या पाच वर्षांत आपण कोणाचे याचा विसर पडला नव्हता. हे 'काही तरी' आकड्यांत मांडता येत नाही, आणि राज्य राखण्याचे मर्म तर त्यातच आहे.

आमच्या वर्गात माहुलीच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येणारा मुलगा होता. चुलतभावाच्या लॅपटॉपवर तो हाच खेळ खेळे, आणि आमच्याहून बराच चांगला खेळे. एकदा तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, शहर पडलं की सगळा प्रांत जातो. मधल्या गावांना कुणी विचारतच नाही का?" आम्ही म्हटले, तुझ्या आजीला विचार, माहुली कोणाचा होता. दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. "आजी म्हणते, गड कुणाचा होता ते नाही माहीत. पण वरच्या कुठल्या टाक्यात चैत्रातसुद्धा पाणी असतं ते माहीत आहे." या उत्तराइतके नेमके ऐतिहासिक विधान आम्ही त्या वर्षी दुसरे ऐकले नाही. वेढा किती दिवस टिकणार हे ज्यावर ठरत होते, ती माहिती त्या म्हातारीकडे होती. गडाच्या घेऱ्यात राहणारी, मेटांवर चौकी देणारी, चोरवाटा आणि पाण्याच्या जागा ठाऊक असलेली माणसे हीच संरक्षणाची पहिली फळी. त्यांची नावे हवालदार-सबनिसांच्या यादीत नाहीत, आणि खेळातही ती नाहीत. शहरावर हल्ला झाला की खेळात सशस्त्र नागरिकांची एक तुकडी आपोआप उगवते, एवढेच.

या बाबतीत मराठी मुलांचा जुना खेळ अधिक शहाणा आहे असे आम्हांला वाटते. दिवाळीत मातीचा किल्ला करताना माथ्यावर महाराजांचे सिंहासन असते हे खरे, बुरुजांवर मावळेही असतात. पण तेवढ्याने किल्ला पुरा होत नाही. उतारावर अळीव पेरावे लागते. पायथ्याशी विहीर लागते, बैलजोडीसह शेतकरी लागतो, कुंभार लागतो, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली लागते. चित्रांच्या मापात ताळमेळ नसतो. भाजीवाली बुरुजाहून उंच असते. तरीही गड कोणाच्या जिवावर उभा असतो हे त्या ओबडधोबड मांडणीत बरोबर आलेले असते.

राजधानीतून पाहण्याची सवय केवळ संगणकाच्या खेळाला आहे असे मात्र म्हणता येणार नाही. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. आज मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक गावापाड्यांवर टँकर येण्याची वाट पाहिली जाते. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बायका आमच्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुली उशिरा का येतात हे आम्ही विचारत नाही. हंड्यांच्या रांगेचे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाला जुळत नसते. जिल्ह्याच्या नकाशात शहापूरचा रंग ठाण्याचा आहे. पाण्याच्या नकाशात तो रंग निराळा निघेल. दुअमल इतिहासजमा झाला असे आपण शिकवतो. तो अठराव्या शतकातल्याहून फार वेगळा नाही. त्या वेळी धान्याच्या राशीतला चौथा हिस्सा जाई. पाण्यातल्या हिश्शाची सनद मात्र गावात कोणी वाचलेली नाही.

शहर जगवण्यासाठी प्रांत असतो, ही समजूत खेळ आपल्याला क्षणभरही सांगत नाही. ती तो आपल्याकडून करून घेतो. सीमेवरच्या प्रांतात सुधारणा करण्यात पैसा घालू नये, कारण तो प्रांत उद्या जाऊ शकतो; पैसा राजधानीत घालावा. हे शहाणपण आहे, आणि ते खेळात खरे ठरते. धोरण ठरवणारी माणसेही असाच विचार करीत असावीत, आणि त्यांच्या आकडेमोडीतही तो खरा ठरत असावा. म्हणूनच तो धोक्याचा आहे. चूक धोरणाविरुद्ध बोलता येते. जे धोरण गणिताने बरोबर असते आणि तरीही एखाद्या पाड्याला कोरडा ठेवते, त्याच्याविरुद्ध बोलायला गणिताबाहेरची भाषा लागते.

ती भाषा आपल्या परंपरेत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. राज्य राखण्याचा जो काही व्यवहार आहे तो त्यात तपशीलवार सांगितला आहे: गड कुठे बांधावा, पाणी आधी कसे पाहावे, माणसे कशी ठेवावीत. त्यातच आरमाराचे प्रकरण येते. आरमाराला लाकूड हवे. लाकूड रयतेच्या मुलखात उभे आहे. तिथे अमात्य थांबतात आणि बजावतात की आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. साम्राज्याच्या गरजेत एका कुणब्याच्या झाडाचा हा विचार कोठून आला? राज्यकर्त्याच्या हिताचा हिशेब त्यात आहेच. रयत दुखावली तर राज्य टिकत नाही हे अमात्यांना ठाऊक होते. पण झाडाला लेकराची उपमा देण्याची गरज हिशेबाला नव्हती. ती भाषेची गरज होती. तिने राज्याच्या नजरेला सक्तीने झाडाच्या उंचीवर आणले.

साहित्य शिकवणाऱ्यांनी अशा खेळांकडे नाक मुरडू नये असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. आमचे विद्यार्थी ते खेळतात, आणि त्यांतून राज्य, शहर, सीमा, रयत या शब्दांचे अर्थ ठरवतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांतून मागच्या पिढ्यांनी ठरवले तसेच. दोन्हीकडे नजर राजधानीची आहे; एकीकडे भावनेने भारलेली, दुसरीकडे आकड्यांनी. दोन्हींना वर्गात आणून त्यांच्याशेजारी 'आज्ञापत्र' ठेवावे, सभासद ठेवावा, आणि आजीचे टाके ठेवावे.

कसाऱ्यावरून आता लोक अधिकच वेगाने जातात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला; त्यात डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट न पाहताच घाट पार होतो. आमच्या विद्यार्थ्यांना गाव विचारले की ती मुले म्हणतात, "कसाऱ्याच्या अलीकडे", "घाटाच्या आधी". स्वतःच्या गावाला दुसऱ्या कशाच्या तरी आधीचे किंवा नंतरचे म्हणण्याची ही सवय कशी घालवावी, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. मराठीचा वर्ग कशासाठी असतो याचे उत्तर आम्ही तिथे शोधतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या गावाचा किंवा पाड्याचा नकाशा काढायचा, आणि ज्याचा-ज्याचा गावावर अंमल आहे त्याला एकेक रंग द्यायचा. वनखात्याचा रंग, धरणाचा, रेल्वेचा, महामार्गाचा, सावकाराचा, ग्रामदेवतेचा, मुंबईला कामाला गेलेल्या भावाच्या मनिऑर्डरीऐवजी आता फोनवर येणाऱ्या पैशांचा. एकाही मुलाला एका रंगात गाव बसवता आले नाही. काहींनी रंगावर रंग चढवले, काहींनी रेघोट्या मारल्या. पेट्यांतले रंग अपुरे पडले तेव्हा मुलांनी कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली: हे रान आमचे होते, इथून पाणी जाते, इथे आजीचे माहेर, ही वाट पावसात बंद. ते नकाशे आमच्याकडे आहेत. यंदा आम्ही नकाशे काढायला सांगणार नाही; कडेला लिहिलेल्या ओळींपासूनच सुरुवात करणार आहोत.